अवहित्था : डार्विनची प्रश्नावली आणि नगर जिल्ह्यातले झाकलेले चेहरे

भावांची यादी शिकवण्याचा तास हा साहित्यशास्त्राच्या अभ्यासक्रमातला बहुधा सर्वांत कोरडा तास असतो. आठ स्थायीभाव, आठ सात्त्विक भाव आणि तेहतीस व्यभिचारी भाव. फळ्यावर एकाखाली एक नावे लिहायची, मुलांनी ती उतरवून घ्यायची आणि परीक्षेत 'टीपा लिहा' या प्रश्नाखाली ती पुन्हा आमच्याकडेच परत यायची, असा हा व्यवहार आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. मात्र त्या तेहतिसांत एक नाव असे आहे की, तेथे वर्गातले कोणी ना कोणी अडखळतेच. ते नाव 'अवहित्था'. अवहित्था म्हणजे आकार झाकणे. मनात जे चालले आहे ते मुद्रेवर उमटू न देणे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने आमच्यापैकी एकाला विचारले, "सर, भाव लपवणे हा स्वतःच भाव कसा होईल? तो तर भावाचा अभाव झाला ना?" उत्तरादाखल नाट्यशास्त्रात सांगितलेली कारणे तिला सांगितली गेली : लज्जा, भय, पराजय, गौरव म्हणजे समोरच्याच्या मोठेपणाचे दडपण, आणि कपट. तिचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते.

त्या प्रश्नाच्या उत्तराची वाट आम्हांला पुढे सापडली ती साहित्यशास्त्राच्या ग्रंथात नव्हे, तर चार्ल्स डार्विनच्या एका पुस्तकात. १८७२ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावाभिव्यक्तीवर आहे. १८५९ च्या 'ओरिजिन'ची कीर्ती त्याच्या वाट्याला आली नाही आणि १८७१ च्या 'डिसेंट ऑफ मॅन'इतका गदारोळही त्याच्यावरून झाला नाही. परंतु माणसाचे मन उत्क्रांतीतून कसे घडले, या प्रश्नाचा पुरावा डार्विनने सर्वांत धीराने जर कोठे गोळा केला असेल, तर तो याच पुस्तकात. आणि त्याच्या प्रास्ताविकात, जगभरातून माहिती पाठवणाऱ्यांचे आभार मानताना, आपल्या अहमदनगर जिल्ह्याचा (आजच्या अहिल्यानगरचा) उल्लेख येतो. तो उल्लेख जेमतेम दोन वाक्यांचा आहे. हा लेख त्या दोन वाक्यांविषयी आहे.

डार्विनला चेहऱ्याचे वेड लागले ते फार आधी. १८३८ च्या मार्च महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्याने जेनी नावाची ओरांगउटान मादी पाहिली. रखवालदाराने तिला सफरचंद दाखवले आणि दिले नाही, तेव्हा तिने उताणे पडून पाय झाडले, हट्टी मुलासारखा आक्रोश केला. त्याच वर्षीच्या जुलैत त्याने मन आणि वर्तन यांच्यासाठी एक वेगळी टिपणवही उघडली. माणसाच्या मनाचे कोडे तत्त्वज्ञांच्या ग्रंथांपेक्षा वानरांच्या निरीक्षणातून अधिक सुटेल, अशा अर्थाची धाडसी नोंद त्या वहीत आहे. १८३९ च्या डिसेंबरात पहिला मुलगा विल्यम जन्मला, तेव्हा बापाच्या मायेइतक्याच निरीक्षकाच्या उत्सुकतेने त्याने त्याचे रडणे, दचकणे, रागावणे, हसणे टिपून ठेवले. त्या टिपणांवरचा लेख मात्र १८७७ साली प्रसिद्ध झाला. मधल्या काळात 'ओरिजिन'मध्येही माणसाविषयी त्याने पुढे कधी तरी प्रकाश पडेल एवढेच सूचित करून तोंड मिटून घेतले होते. भाव झाकण्याची कला स्वतः डार्विनलाही चांगली साधली होती, असे म्हणायला हरकत नाही.

चेहराच का? याचे उत्तर त्या काळच्या वादात आहे. शरीररचनाशास्त्रज्ञ चार्ल्स बेल याने १८०६ पासून असे प्रतिपादन चालवले होते की, माणसाच्या चेहऱ्यातले काही स्नायू विधात्याने केवळ भाव व्यक्त करण्यासाठी माणसालाच दिलेले आहेत. म्हणजे देहाची गोष्ट काहीही असो, मनाच्या बाबतीत माणूस आणि पशू यांच्यामध्ये भिंत आहे. दुसरीकडे नैसर्गिक निवडीच्या कल्पनेचा सहसंशोधक आल्फ्रेड रसेल वॉलेस यानेच १८६९ साली जाहीर केले की, मानवी मेंदू आणि बुद्धी यांचा उलगडा नुसत्या नैसर्गिक निवडीने होत नाही, त्यामागे काही उच्चतर शक्ती मानावी लागते. डार्विनने त्या लेखाच्या समासात ठसठशीत 'नाही' लिहून ठेवले. तिसरा वाद अधिक विषारी होता. १८६३ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या मानवशास्त्रीय सभेतील काही पुढारी मंडळी असे मांडत होती की, निरनिराळे मानववंश हे मुळातच निरनिराळे आहेत. त्यांचे मूळ एक नाही. अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी युद्ध चालू असतानाचा हा काळ. गुलामगिरीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या घराण्यात वाढलेल्या डार्विनला या मताची सामाजिक फळे काय आहेत, हे चांगलेच ठाऊक होते.

या तिन्ही वादांना चेहरा हे एकत्रित उत्तर होऊ शकत होते. माणसाचे भाव आणि प्राण्यांचे भाव यांच्यात सातत्य दाखवता आले, तर बेलची भिंत पडते. मनाच्या खुणाही देहाप्रमाणेच पूर्वजांकडून आलेल्या आहेत असे ठरले, तर वॉलेसला उत्तर मिळते. आणि एकमेकांना कधीही न भेटलेल्या मानवसमूहांत आनंद, शोक, क्रोध, भय यांच्या मुद्रा सारख्याच निघाल्या, तर त्या सगळ्यांचे पूर्वज एकच, या म्हणण्याला नवा आधार मिळतो. ग्रंथाच्या समारोपात डार्विनने हा शेवटचा निष्कर्ष स्पष्टपणे काढला आहे.

त्यासाठी त्याने १८६७ च्या सुरुवातीला एक छापील प्रश्नावली जगभर धाडली. ग्रंथात तिचे सोळा प्रश्न दिलेले आहेत. आश्चर्य वाटले की डोळे व तोंड विस्फारते का आणि भुवया वर जातात का? शरमेने चेहऱ्यावर लाली येते का, आणि ती अंगावर कोठवर उतरते? खिन्नतेत ओठांचे कोपरे खाली ओढले जातात का आणि भुवयांची आतली टोके वर उचलली जातात का? एखादी गोष्ट आपल्या हातची नाही हे दाखवताना माणूस खांदे उडवतो का? होकाराला मान वरखाली आणि नकाराला आडवी हलते का? प्रश्नांबरोबर एक विनंतीही होती : आठवणीवर विसंबू नका, प्रत्यक्ष पाहा आणि मग लिहा. उत्तरे आली छत्तीस. लिहिणाऱ्यांत मिशनरी होते, वसाहतींतले अधिकारी होते, डॉक्टर होते.

मुंबई इलाख्यातून उत्तर पाठवले ते एच. एर्स्किन या गृहस्थांनी. त्या वेळी ते नगर जिल्ह्यात राहत होते. त्यांनी लोकांच्या मुद्रांकडे लक्ष दिले, पण खात्रीलायक निष्कर्ष काढणे त्यांना फार अवघड गेले. कारण डार्विन नमूद करतो ते असे की, युरोपियनांच्या समोर आपले सर्व भाव झाकून ठेवण्याची तेथील लोकांना सवयच होती. एर्स्किन यांनी मग कानड्याचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडून काही माहिती मिळवली आणि काही मुद्द्यांवर जाणत्या एतद्देशीय गृहस्थांचा सल्ला घेतला. नगरची हकीकत प्रास्ताविकात एवढ्यावरच संपते. पुढे ग्रंथात एर्स्किन यांचे नाव अधूनमधून येते. उदाहरणार्थ, इकडचे लोक खांदे उडवतात, पण कोपरे इंग्रजांइतकी आत वळवत नाहीत, आणि कधी कधी त्याच वेळी दोन्ही हात छातीवर ठेवतात, असे त्यांनी कळवले होते. हिंदुस्थानातून आलेल्या उत्तरांत नकाराची एक खूण अशी नोंदलेली आहे की, मान झटक्याने मागे आणि किंचित बाजूला जाते व जिभेचा 'च्' असा आवाज होतो. या आवाजाचा अर्थ काय असावा, हे डार्विनला उमगले नाही. घरातल्या आजीला विचारले असते तर तिने उत्तरादाखल तोच आवाज केला असता.

आता याच ग्रंथातले दुसरे टोक पाहू. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात जॉन स्कॉट हा देखरेखीच्या कामावर होता. एडिंबर्गच्या उद्यानात माळीकाम करता करता वनस्पतींवर प्रयोग करणारा हा माणूस १८६४ साली डार्विनच्या साहाय्याने हिंदुस्थानात आला. उद्यानात राबणाऱ्या निरनिराळ्या जमातींच्या मजुरांना तो दीर्घकाळ न्याहाळत राहिला, आणि त्याच्याइतकी भरघोस व मोलाची माहिती दुसऱ्या कोणीही पाठवली नाही, असे प्रशस्तिपत्र डार्विनने त्याला दिले आहे. ग्रंथाच्या शोकविषयक प्रकरणात स्कॉटने पाहिलेले दोन प्रसंग येतात. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने ते मुळातून वाचावेत, असे आम्ही आग्रहाने सुचवू.

पहिला प्रसंग एका माळ्याच्या कोवळ्या वयाच्या बायकोचा. ती 'धांगर' होती. आपल्याकडचे धनगर ते हे नव्हेत. छोटा नागपुरातून मजुरीला येणाऱ्या आदिवासींना त्या काळी बंगालात हे नाव होते. मरणाच्या दारी असलेले तान्हे मूल मांडीवर घेऊन ती बसली होती. स्कॉट झाडांच्या आडोशामागून, तिला न दिसता, पाहत होता. तिच्या भुवयांची आतली टोके वर गेलेली, पापण्या मिटत चाललेल्या, कपाळाच्या मध्यावर आठ्या, तोंड किंचित उघडे आणि ओठांचे कोपरे खाली ओढलेले. मग तो आडोशातून पुढे आला आणि तिच्याशी बोलला. ती दचकली, तिला रडू कोसळले आणि माझ्या बाळाला बरे करा म्हणून ती त्याची विनवणी करू लागली.

दुसरा प्रसंग एका हिंदुस्थानी माणसाचा. आजारपण आणि दारिद्र्य यांमुळे त्याला आपली लाडकी शेळी विकावी लागली. पैसे हातात पडल्यावर तो एकदा पैशांकडे आणि एकदा शेळीकडे पाहत राहिला, जणू व्यवहार मोडावा की काय या विचारात. नेण्यासाठी बांधून ठेवलेल्या शेळीजवळ तो गेला, तेव्हा ती मागच्या पायांवर उभी राहून त्याचे हात चाटू लागली. त्याची नजर इकडून तिकडे भिरभिरली, ओठांचे कोपरे खाली गेले. अखेर मनाचा निर्धार झाला आणि नेमक्या त्या क्षणी त्याच्या भुवया तिरप्या झाल्या, त्यांची आतली टोके आकसून फुगली. क्षणभर तसाच उभा राहून त्याने खोल उसासा टाकला, तो रडला, दोन्ही हात वर करून त्याने शेळीला आशीर्वाद दिला आणि पाठ फिरवून, पुन्हा मागे वळून न पाहता, तो निघून गेला.

आम्ही हा उतारा प्रथम वाचला तेव्हा काही वेळ पुस्तक मिटून ठेवावे लागले. शास्त्रीय ग्रंथात एका स्नायूचा पुरावा म्हणून आलेली ही हकीकत एखाद्या थोर कथाकाराच्या हातून उतरल्यासारखी आहे. पण आमचा मुद्दा निराळा आहे. नगरच्या निरीक्षकाला काही दिसले नाही आणि कलकत्त्याच्या निरीक्षकाला इतके दिसले, याचे कारण काय? नगरचे लोक भावनाशून्य होते असे कोणी म्हणणार नाही. फरक उभे राहण्याच्या जागेत होता. एर्स्किन समोर होते. स्कॉट आडोशाला होता. शेळीवाल्याच्या बाबतीत आडोसा नसेलही, पण त्या घटकेला त्या माणसाच्या जगात शेळीखेरीज कोणी नव्हते. साहेब समोर आला की चेहरा मिटतो, साहेब दृष्टीआड झाला की उघडतो. दोन ठिकाणची दोन उत्तरे जोडून वाचली की प्रयोगाचे दोन भाग पुरे होतात.

येथे एक बारकावा आहे, आणि आमच्या मते सगळी गोम त्यातच आहे. डार्विनने नगरच्या उत्तराकडे पुराव्यातली त्रुटी म्हणून पाहिले. वास्तविक तो एक पुरावाच होता. आपण चेहरा कोणापासून झाकतो? ज्याला तो वाचता येईल त्याच्यापासून. दगडासमोर कोणी राग गिळत नाही. नगरचा कुणबी साहेबासमोर मुद्रा कोरी ठेवत होता, याचा अर्थ त्याला पक्के ठाऊक होते की, सात समुद्रांपलीकडून आलेल्या, भाषा न कळणाऱ्या या माणसाला आपल्या भुवयांची, ओठांची, डोळ्यांची भाषा मात्र बिनचूक कळेल. मुद्रांची भाषा साऱ्या माणसांना समान आहे, हे सिद्ध करण्यासाठी डार्विन जगभर पत्रे पाठवत होता. नगरच्या लोकांनी ते गृहीतच धरले होते आणि म्हणून ते सावध होते.

स्कॉटच्या निरीक्षणांतही सत्तेची सावली आहे, आणि ती लपवून चालणार नाही. त्याने एकदा एका बंगाली मजुराला उंच झाडावर चढायला सांगितले. मजुराने खांदे उडवून, मान हलवून नकार दिला. हा आळशी आहे, चढू शकेल, असे मनाशी धरून स्कॉटने आग्रह केला. तेव्हा त्या माणसाचा चेहरा फिका पडला, हात गळून पडले, डोळे आणि तोंड विस्फारले. झाडाकडे पुन्हा एकवार पाहून त्याने साहेबाकडे तिरपी नजर टाकली आणि पुन्हा असमर्थता दाखवली. ग्रंथात हा प्रसंग असहायतेच्या मुद्रेचे उदाहरण म्हणून येतो. वर्णन वाचणाऱ्याला मात्र तो माणूस घाबरला आहे हे स्वच्छ दिसते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी खरे ते टिपले आणि त्याच्या हुद्द्याने निकाल दिला आळसाचा. स्वतः डार्विनच्या लेखनातही रानटी आणि सुधारलेले अशी उतरंड ठिकठिकाणी आहे. सर्व माणसांचे मूळ एक आहे असे सांगणारा हा माणूस आपल्या काळाच्या चौकटीतून पूर्णपणे सुटला नव्हता, हे नोंदवूनच पुढे जायला हवे.

मराठीच्या अभ्यासकाला या ग्रंथात आणखी एक आनंद मिळतो. डार्विन ज्या मुद्रांची मुळे शोधतो, त्यांपैकी कितीतरी आपल्या वाक्प्रचारांत जशाच्या तशा नांदत आहेत. नाक मुरडणे, दातओठ खाणे, भुवया उंचावणे, कपाळाला आठ्या घालणे, अंगावर काटा येणे, तोंडाला कोरड पडणे. तिरस्कारात नाक का मुरडले जाते? मूळ क्रिया दुर्गंधीला अडवण्याची, असे तो म्हणतो. पुढे दुर्गंधी नसतानाही, नुसत्या माणसाचा किंवा कल्पनेचा वीट आला तरी तीच क्रिया होते. रागात दात का दिसतात? चावण्याचा प्रसंग आता येत नाही, पण चावणाऱ्या पूर्वजांची तयारी चेहऱ्यावर उरली आहे. भयाने अंगावर काटा का येतो? केसाळ पूर्वज केस पिंजारून शत्रूला मोठे दिसत. आपल्या अंगावरचे केस गेले, त्यांच्या मुळाशी असलेले इवले स्नायू आजही आज्ञा पाळतात. भरताच्या सात्त्विक भावांतला रोमांच तो हाच. स्वेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू यांचीही चर्चा डार्विनने केलेली आहे. यावरून सगळे काही आपल्या शास्त्रांत आधीच सांगितले होते, असा डांगोरा पिटण्याचा मोह आम्हांला नाही. भरताला नटाच्या अंगावर भाव कसा आणावा हे सांगायचे होते. तो अंगावर मुळात का येतो, हा प्रश्न त्याचा नव्हता. दोघांचे प्रश्न वेगळे असूनही त्यांनी एकाच देहाकडे टक लावून पाहिले, एवढेच साम्य पुरेसे आहे.

डार्विनचे स्पष्टीकरण सगळेच टिकले असेही नाही. पिढ्यान्‌पिढ्या केलेली सवय अंगवळणी पडून वारशाने पुढच्या पिढीत उतरते, असे तो या ग्रंथात वारंवार मानतो. आनुवंशिकतेच्या पुढच्या अभ्यासाने ही कल्पना बाजूला सारली. गंमत अशी की, मुद्रेचा उपयोग समोरच्याला काही कळवण्यासाठी होतो आणि म्हणून नैसर्गिक निवडीने ती घडवली असेल, या विचाराला त्याने येथे फारसे महत्त्व दिले नाही. बेलचा विधाता टाळण्याच्या भरात त्याने संदेशाचा मुद्दाही जवळजवळ टाळला. आजचे अभ्यासक नेमका तोच मुद्दा केंद्रस्थानी ठेवतात.

विसाव्या शतकात ग्रंथ बराच काळ अडगळीत गेला. मार्गारेट मीड यांच्यासारख्या मानवशास्त्रज्ञांचा कल मुद्रा या संस्कृतीने शिकवलेल्या असतात असे मानण्याकडे होता. वंशश्रेष्ठत्वाच्या नावाखाली झालेले अत्याचार पाहिलेल्या पिढीला 'उपजत' या शब्दाचीच धास्ती बसली होती, आणि ती धास्ती अकारण नव्हती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉल एकमन याने पापुआ न्यू गिनीतील बाह्य जगाशी फारसा संबंध नसलेल्या फोरे लोकांत जाऊन डार्विनचा प्रश्न पुन्हा विचारला आणि मूलभूत मुद्रा सर्वत्र ओळखल्या जातात असा निष्कर्ष काढला. १९७२ साली प्रसिद्ध झालेला दुसरा एक प्रयोग आमच्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना त्रासदायक दृश्यांचे चित्रपट दाखवण्यात आले. एकट्याने पाहताना दोघांच्या मुद्रा सारख्याच होत्या. संशोधक खोलीत असताना मात्र जपानी विद्यार्थ्यांनी आपला त्रास स्मिताखाली झाकला. नगर आणि कलकत्ता एकाच प्रयोगशाळेत आणल्यासारखे हे झाले. या निष्कर्षांवर पुढे जोरदार आक्षेप घेतले गेले. नामिबियातील हिंबा लोकांवरील २०१४ चा अभ्यास आणि २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट व सहकाऱ्यांनी घेतलेला आढावा यांनी दाखवले की, एका भावाला एकच ठरीव मुद्रा असा सोपा हिशेब मांडता येत नाही. वाद मिटलेला नाही. मुद्रा म्हणजे छापील अक्षर असे समजणाऱ्याने सावध राहावे, एवढे त्यातून नक्की निघते.

परंतु झाकण्याविषयी जे कळले आहे ते मोलाचे आहे. चेहऱ्याच्या स्नायूंवर मेंदूतून दोन निराळ्या वाटांनी हुकूम येतात. एक वाट इच्छेची, दुसरी भावाची. मेंदूच्या विशिष्ट भागाला इजा झालेल्या रुग्णाला 'हसा' म्हटले तर तोंडाची एक बाजू हलत नाही, पण विनोद ऐकला की दोन्ही बाजू हसतात. दुसऱ्या एखाद्या रुग्णाची अवस्था नेमकी उलटी असते. सगळे स्नायू इच्छेला सारखेच वश नाहीत, हे डार्विनलाही दिसले होते. म्हणून तर शेळीवाल्याचा निर्धार झाला तरी भुवयांची आतली टोके त्याचे ऐकेनात. झाकण्याची कला केवळ माणसाचीही नाही. हॉलंडमधील आर्नम येथील चिंपांझींवर १९८२ साली फ्रान्स द वाल याने लिहिलेल्या ग्रंथात लुइट नावाच्या नराची हकीकत आहे. प्रतिस्पर्ध्याच्या धाकाने आपले दात उघडे पडत आहेत असे जाणवताच त्याने पाठ फिरवली आणि बोटांनी स्वतःचे ओठ दाबून धरले. समूहात राहणाऱ्या प्राण्याला दुसऱ्याचे मन ओळखावे लागते आणि आपले मन वेळप्रसंगी राखावे लागते. आपल्या बुद्धीचा बराचसा भाग या दुहेरी गरजेतून वाढला असावा, असे निकोलस हम्फ्री याने १९७६ मध्ये सुचवले आणि पुढच्या अनेकांनी तो धागा पुढे नेला.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला आम्ही आज असे सांगू : अवहित्था हा भावाचा अभाव नव्हे. त्यात एकाच वेळी दोन हालचाली असतात, आतून वर येणारी आणि वरून दाबणारी. नटाने केवळ कोरा चेहरा केला तर अवहित्था दिसणार नाही. झाकलेले काहीतरी आहे, हे प्रेक्षकाला कळले पाहिजे आणि समोरच्या पात्राला कळता कामा नये. मराठीने या दाबण्यासाठी 'गिळणे' हे क्रियापद निवडले आहे. आपण राग गिळतो, अपमान गिळतो, आवंढा गिळतो. गिळलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती आत जाते.

आणि येथेच उत्क्रांतीचा अधिकार संपून इतिहासाचा सुरू होतो. चेहरा झाकण्याची क्षमता निसर्गाने सर्व माणसांना दिली. तो दिवसभर झाकून ठेवण्याची पाळी मात्र ठरावीक माणसांवरच आली. भरताने दिलेल्या कारणांत भय, पराजय आणि गौरव ही तीन आहेत. १८६७ च्या सुमाराच्या नगर जिल्ह्यात यांपैकी कशाची वाण नव्हती. साहेबासमोरच काय, मामलेदारासमोर, सावकारासमोर, पाटलासमोरही मान खाली आणि मुद्रा कोरी ठेवणे हा गावातल्या बहुसंख्यांचा रोजचा शिरस्ता होता. आणि गावकुसाबाहेरच्यांना तर या साऱ्या गावासमोरच. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली आणि दंग्यांचे लोण नगर जिल्ह्यात पसरले. एर्स्किन यांना न दिसलेल्या रागाचा त्या उठावाशी थेट धागा जोडण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तो राग सावकारांवर होता, निरीक्षकावर नव्हता. एवढे मात्र म्हणता येते की, मुद्रा कोऱ्या होत्या म्हणून मने कोरी होती असे ज्यांनी मानले असेल, त्यांचा हिशेब त्या उन्हाळ्यात चुकला. निसर्गाने सर्वांना सारखा चेहरा दिला, हे दाखवून डार्विनने अर्धे काम केले. तो सर्वांना सारखाच उघडा का ठेवता येत नाही, हे विचारण्याचे उरलेले अर्धे काम आमच्यासारख्या साहित्य आणि समाज वाचणाऱ्यांचे आहे. दलित आत्मकथने, ग्रामीण कथा, स्त्रियांच्या ओव्या वाचताना आम्ही हल्ली मुलांना हाच प्रश्न विचारायला लावतो : या ठिकाणी कोण काय गिळत आहे, आणि कोणासमोर?

डार्विनच्या प्रास्ताविकातल्या त्या उल्लेखात शेवटी काही जाणते एतद्देशीय गृहस्थ येतात. त्यांची नावे तेथे नाहीत. शेळी विकणाऱ्याचे नाही, त्या कोवळ्या आईचेही नाही. एर्स्किनसाहेबांनी या गृहस्थांना बोलावून विचारले असेल, तुमचे लोक दुःखात कसे दिसतात, रागात कसे दिसतात. त्यांनी अदबीने, विचार करून उत्तरे दिली असतील. ती उत्तरे देत असताना त्यांचे स्वतःचे चेहरे कसे दिसत होते, हे मात्र कोणी टिपून ठेवले नाही.